पसरेल का?

मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेली माणसे लिफाफा हातात पडला तरी लगेच निघत नाहीत. पायरीपर्यंत जातात, लिफाफा उघडतात, इंग्रजी मजकुरावरून नजर फिरवतात आणि परत खिडकीशी येतात. मग किंचित वाकून, मागच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारतात, "मॅडम, पसरलंय का हो?" गेल्या बावीस वर्षांत हा प्रश्न मी कितीदा ऐकला याचा हिशेब नाही. तुमचे सर्जन सांगतील, असे मी म्हणते, कारण ते सांगणे त्यांचेच काम आहे. उत्तर मात्र त्या लिफाफ्यात असते. काढून पाठवलेल्या लसिकाग्रंथी, म्हणजे काखेत-मानेत असणाऱ्या हरभऱ्याएवढ्या ग्रंथी, किती होत्या आणि त्यांपैकी कितींमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या, हे मीच तिथे लिहिलेले असते.

काही वर्षांपूर्वी जत तालुक्यातून आलेल्या एका काकांनी मात्र दुसराच प्रश्न विचारला. त्यांच्या पत्नीच्या स्तनाचे ऑपरेशन झाले होते, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या होत्या आणि सर्जनने तसे त्यांना सांगितलेही होते. काका म्हणाले, "पसरलं न्हाई ते कळलं. आता पसरंल का?" मी गप्प राहिले. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. झालेले मला दिसते; जे व्हायचे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली येत नाही.

त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आता डॉक्टरांच्या हाती सॉफ्टवेअर आले आहे. ऑन्कोलॉजिस्ट संगणकावर काही चौकटी भरतात आणि पडद्यावर एक आकडा उमटतो: या प्रकारचा आजार असलेल्या शंभर जणांपैकी कितींमध्ये तो पुढे डोके वर काढेल, किती जण दहा वर्षांनी हयात असतील, केमो दिली तर त्यात किती फरक पडेल. पेशंटच्या दृष्टीने हा आकडा यंत्राने सांगितलेला असतो. त्या चौकटींमध्ये भरलेल्या बहुतेक गोष्टी माझ्यासारख्या कुणीतरी लॅबच्या टेबलापाशी उभे राहून मोजलेल्या असतात, हे त्याला कळण्याचे कारण नाही. मला त्या टेबलाविषयी लिहायचे आहे.

अशा हिशेबाचे सगळ्यांत साधे रूप संगणकाशिवायही करता येते. १९८२ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी ३८७ स्त्रियांच्या नोंदींवरून एक सूत्र मांडले, आणि ते आजही शिकवले जाते. गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याला ०.२ ने गुणायचे. त्यात गाठीची ग्रेड, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी किती बिघडलेल्या दिसतात याचा दर्जा, मिळवायची: १, २ किंवा ३. त्यात ग्रंथींचा टप्पा मिळवायचा: एकाही ग्रंथीत प्रसार नसेल तर १, एक ते तीन ग्रंथींत असेल तर २, चार किंवा अधिक ग्रंथींत असेल तर ३. बेरीज ३.४ पर्यंत आली तर भविष्य चांगले, ५.४ पर्यंत मध्यम, त्याच्या वर गेली तर वाईट. कागद-पेन्सिलीने अर्ध्या मिनिटात होणारे हे गणित आहे. पुढची बरीच सॉफ्टवेअर ही याच विचाराची वाढवलेली, अधिक बारकाईची रूपे आहेत, म्हणून मी शिकाऊ डॉक्टरांना आधी हे सूत्र हाताने करायला लावते.

हाताने केले की एक गोष्ट ताबडतोब लक्षात येते. गाठ मोजताना माझी ५ मिलिमीटरची चूक झाली, तर बेरजेत फक्त ०.१ चा फरक पडतो. ग्रेड एकाने चुकली, तर पूर्ण १ चा. तिसरी ग्रंथी आणि चौथी ग्रंथी यांच्यामध्येही पूर्ण १ चा. फूटपट्टीवर जीव टाकणे आम्हाला सुरुवातीपासून शिकवलेले असते; पण वजन कुठे आहे हे सूत्रच दाखवून देते, आणि ते फूटपट्टीवर नाही. ते चरबीत बोटांनी शोधलेल्या ग्रंथींमध्ये आहे.

हे शोधणे कसे असते ते सांगते. ऑपरेशननंतर काखेतली चरबी फॉर्मॅलिनच्या डब्यातून येते. फॉर्मॅलिनने ती घट्ट आणि मळकट पिवळी झालेली असते. ती टेबलावर पसरून पात्याने पातळ कापे घ्यायचे आणि प्रत्येक कापा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हळूहळू दाबत जायचे. चरबी बोटांखाली पसरते. ग्रंथी पसरत नाही, ती हरभऱ्यासारखी, कधी मसुरासारखी टोचते. मोठ्या ग्रंथी डोळ्यांनाही दिसतात. लहान ग्रंथी, त्यातही वयस्कर स्त्रियांच्या, आतून चरबीनेच भरलेल्या असतात आणि बोटांना फसवतात. सापडलेली प्रत्येक ग्रंथी छोट्या कॅसेटमध्ये जाते, रात्रभर यंत्रात तिच्यातले पाणी काढून मेण भरले जाते, सकाळी त्या मेणाच्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतले जातात आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून माझ्यापुढे येतात. काखेच्या पूर्ण शस्त्रक्रियेत निदान दहा ग्रंथी तरी मिळाव्यात अशी अपेक्षा असते. सर्जनने कितीही नीट काढल्या असल्या, तरी बोटांनी सोडून दिलेली ग्रंथी रिपोर्टात येत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते. कामाचा ओघ असा, की एका नमुन्यावर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर मागून कुणीतरी विचारायचे. एका संध्याकाळी मी काखेचा एक नमुना पाहिला. नऊ ग्रंथी मिळाल्या. पुढे स्लाइडवर त्यांपैकी तीनमध्ये प्रसार दिसला. गाठ अडीच सेंटिमीटर, ग्रेड २. रिपोर्ट सही होऊन गेला. नऊ हा आकडा मात्र मला रात्रभर टोचत राहिला, कारण चरबीचा आकार पाहता तो कमी होता आणि शेवटचे कापे मी घाईत दाबले होते, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी उरलेल्या नमुन्याची बादली उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तास-सव्वा तासात आणखी तीन ग्रंथी सापडल्या. त्यातली एक मसुराएवढी होती. तीन दिवसांनी तिची स्लाइड आली तेव्हा ती कडेपासून कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशींनी भरलेली होती.

आदल्या आठवड्यात त्या स्त्रीची बेरीज होती ०.५ अधिक २ अधिक २, म्हणजे ४.५, मध्यम गट. आता ती झाली ०.५ अधिक २ अधिक ३, म्हणजे ५.५, वाईट गट. आजार तोच होता, देह तोच होता, तिच्या शरीरात त्या आठवड्यात काही बदलले नव्हते. बदलले होते ते माझ्या बोटांनी किती वेळ दिला एवढेच. मी सर्जनना फोन करून दुरुस्त रिपोर्ट पाठवत असल्याचे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं झालं, केमोचं अजून ठरवायचं होतं." त्यांनी एवढेच म्हटले, पण फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही. त्या दिवसानंतर वेळेच्या बाबतीत मी कुणाचे ऐकले नाही, आणि काही महिन्यांनी ती नोकरीही सोडली.

ग्रंथींची मोजणी इतकी महत्त्वाची का, हे समजायला वैद्यकालाही बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेमागे अशी कल्पना होती, की कॅन्सर पायरीपायरीने सरकतो, ग्रंथी हे त्याच्या वाटेवरचे नाके आहे आणि नाके काढून टाकले की वाट बंद होते. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या मोठ्या चाचणीत ही कल्पना तपासली गेली. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००२ मध्ये, दिसले ते असे, की काखेतल्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या किंवा न काढल्या याने जगण्यात लक्षणीय फरक पडत नव्हता. ग्रंथी ही वेस नव्हती, ती साक्षीदार होती. आजाराचा स्वभाव कसा आहे, तो रक्तावाटे दूर जाणारा आहे का, याची साक्ष ती देते. भाकिताच्या प्रत्येक सूत्रात तिला मोठे वजन आहे ते यामुळेच. आणि साक्षीदाराला बोलावलेच नाही, तर निवाडा चुकणारच.

हल्ली मला पुष्कळ जण विचारतात, की आता कृत्रिम बुद्धिमत्ता स्लाइड वाचते म्हणतात, मग तुमचे काय? प्रश्नात थोडी काळजी असते आणि थोडे कुतूहल. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी भरवलेल्या एका स्पर्धेचे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनाच्या कॅन्सरमधल्या ग्रंथींच्या १२९ स्लाइड ३२ संगणकीय पद्धतींना आणि अकरा पॅथॉलॉजिस्टना दाखवल्या होत्या. पॅथॉलॉजिस्टना रोजच्या कामासारखी वेळेची मर्यादा होती, साधारण दोन तास. सर्वोत्तम संगणकीय पद्धत त्या अकरा जणांच्या पुष्कळ पुढे गेली. दोन मिलिमीटरपेक्षा लहान असलेले प्रसाराचे ठिपके माणसांच्या नजरेतून बरेच निसटले. मात्र त्याच अभ्यासात आणखी एका पॅथॉलॉजिस्टला वेळेचे बंधन घातले नव्हते. त्या व्यक्तीने सर्व स्लाइड पाहायला सुमारे ३० तास घेतले आणि ती यंत्रांच्या तोडीला जाऊन पोचली.

हा निकाल वाचून मला राग आला नाही, उलट हायसे वाटले. तीस तास कुणालाच मिळत नाहीत, आणि न थकणारा, दर स्लाइडला पहिल्याइतकेच लक्ष देणारा सोबती मला हवाच आहे. आमच्याकडे स्लाइड संगणकावर घेणारा स्कॅनर येईल तेव्हा मी त्याचे स्वागत करीन. पण यंत्र स्लाइड पाहते. बादली पाहत नाही. मसुराएवढी ती चौथी ग्रंथी चरबीतच राहून गेली असती, तर जगातल्या कोणत्याही यंत्राला ती दिसली नसती. त्याने तीन हा आकडा अचूक मोजला असता, पुढच्या सॉफ्टवेअरने तो अचूक वापरला असता आणि सगळ्यांनी मिळून त्या स्त्रीला चुकीच्या गटात बसवले असते.

आमच्या भागात स्तनाइतकेच, किंबहुना पुरुषांत त्याहून कितीतरी जास्त, नमुने तोंडाच्या कॅन्सरचे येतात. मावा, गुटखा, मशेरी यांनी किती जिभा आणि किती गाल माझ्या टेबलावर आणून ठेवले ते आठवले तरी जीव गलबलतो. तिथे मोजायची गोष्ट वेगळी आहे: गाठ वर किती पसरली यापेक्षा आत किती उतरली. याला आक्रमणाची खोली म्हणतात आणि ती मोजायची पद्धत मला फार आवडते, कारण ती गवंड्याची आहे. गाठीच्या दोन्ही बाजूंना शाबूत असलेल्या अस्तराच्या तळाची पातळी धरून एक आडवी रेषा कल्पायची आणि तिच्यावरून गाठीच्या सर्वांत खोल टोकापर्यंत ओळंबा सोडायचा. फुगून वर आलेला भाग मोजायचा नाही, खड्डा पडला असेल तर त्याच्या तळापासून मोजायचे नाही. ५ मिलिमीटरपर्यंत, ५ ते १० आणि १० च्या पुढे, असे टप्पे २०१८ पासून तोंडाच्या कॅन्सरच्या जागतिक वर्गीकरणात आले आहेत. खोली वाढते तशी मानेतल्या ग्रंथींत लपलेला प्रसार असण्याची शक्यता वाढते.

लपलेला हाच शब्द तिथे महत्त्वाचा आहे. हाताला आणि सोनोग्राफीला मान स्वच्छ लागते, तरी आत काहीतरी असू शकते. मग मानेचे ऑपरेशन आधीच करायचे, की थांबून लक्ष ठेवायचे? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी निर्णयशास्त्राच्या आधारे हिशेब मांडला, की लपलेल्या प्रसाराची शक्यता २० टक्क्यांहून जास्त असेल तर ऑपरेशन करावे. पुढे कित्येक वर्षे जगभर हा उंबरठा वापरला गेला. भाकीत करणारे साधन तुम्हाला १८ टक्के सांगते की २३, यावर मानेवरची सुरी ठरत होती. या प्रश्नाचा पुष्कळसा निकाल लागला तो मात्र मुंबईत, टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये. तिथल्या डॉक्टरांनी २००४ पासून पेशंटचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटात मानेचे ऑपरेशन जिभेच्या किंवा गालाच्या ऑपरेशनबरोबरच केले, दुसऱ्यात ग्रंथी वाढलेली दिसली तरच. पहिल्या ५०० जणांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ जणांमागे एक जीव. खोली ३ मिलिमीटरच्या पुढे गेली की ग्रंथींत प्रसार सापडण्याचे प्रमाण एकदम चढते, हेही त्याच कामात दिसले. हे आकडे आपल्या माणसांवरून आलेले आहेत, तंबाखू खाणाऱ्या, उशिरा येणाऱ्या, लांबून येणाऱ्या माणसांवरून, म्हणून ओळंबा सोडताना मला त्यांचा आधार वाटतो.

आकडे कुणावरून आले, हा प्रश्न मी पूर्वी पुस्तकी समजत असे. तो माझ्या घरात आला तेव्हा त्याचा अर्थ कळला.

माझी मावशी माढा तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होती. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, चौसष्टाव्या वर्षी, तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन पुण्यात झाले. रिपोर्ट दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचा होता, तरी मी स्लाइड मागवून घेतल्या. १.८ सेंटिमीटर, एका ग्रंथीत प्रसार, हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ, ग्रेड २. ग्रेड म्हणजे तीन गुणांची बेरीज असते: पेशी नळ्या करतात का, केंद्रके किती वेडीवाकडी आहेत आणि विभाजन होत असलेल्या पेशी किती आहेत. बेरीज सात आली तर ग्रेड २, आठ आली तर ग्रेड ३. मावशीची बेरीज सात होती; पण विभाजनाची संख्या अगदी सीमेवर होती. परक्या कुणाची स्लाइड असती तर मी एकदा मोजून सही केली असती. तिची मी तीनदा मोजली, आणि तिन्ही वेळा वेगळी आली.

त्या रात्री मी प्रेडिक्ट उघडले. केंब्रिजमध्ये तयार झालेले आणि २०१० पासून वापरात असलेले हे साधन कुणालाही मोफत उपलब्ध आहे. वय, गाठीचा आकार, ग्रेड, ग्रंथी, गाठीचे गुणधर्म अशा चौकटी असतात. आजार तपासणी मोहिमेत सापडला की लक्षणांमुळे, अशीही एक चौकट असते. तिथे आपल्याकडे जवळजवळ नेहमीच लक्षणांमुळे असे भरावे लागते. सर्व भरले की पाच, दहा, पंधरा वर्षांनी शंभरपैकी किती स्त्रिया हयात असतील आणि कोणत्या उपचाराने त्यांत किती भर पडेल, ते शंभर रंगीत ठिपक्यांत दिसते. मी ग्रेडच्या चौकटीत २ दाबले, मग ३ दाबले, मग परत २. शंभरातले काही ठिपके रंग बदलत होते, परत येत होते. तो बदल माझ्या मोजण्यातल्या डळमळीचा होता, हे मला कळत होते, आणि तरी दर वेळी छातीत धस्स होत होते. वर्षानुवर्षे मी खिडकीच्या आतल्या बाजूला होते. बाहेरच्या बाजूला उभे राहणे काय असते ते मला त्या रात्री समजले.

दुसऱ्या दिवशी मावशीला मी ते शंभर ठिपके दाखवले. ती चष्मा लावून बराच वेळ पाहत बसली आणि म्हणाली, "ही माणसं कुठली मोजलीत?"

मी सांगितले, की सुरुवातीचे सूत्र इंग्लंडच्या पूर्व भागातल्या, ईस्ट अँग्लियातल्या, १९९९ ते २००३ या काळात निदान झालेल्या ५६९४ स्त्रियांच्या नोंदींवरून बसवले, आणि पुढे त्यात सुधारणा होत गेल्या.

"आणि कुलूप असलेली घरं?"

मला आधी समजले नाही. मावशीने १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांचे काम केले होते. तिच्या वहीत कुलूप लावलेल्या घरांची वेगळी खूण असायची आणि त्या घरांकडे ती पुन्हा पुन्हा जायची. तिला विचारायचे होते, की ज्या बायका पुढे दवाखान्यात आल्याच नाहीत त्यांना कसे धरले? मी सांगितले, की माणूस ज्या दिवसापर्यंत दिसला तिथपर्यंत त्याला हिशेबात धरतात आणि पुढे तो दिसणाऱ्यांसारखाच असेल असे मानतात. ती लगेच म्हणाली, "अगं, ऊसतोडीला कुलूप लावून गेलेलं घर आणि गावात राहिलेलं घर सारखं कसं असेल?"

संख्याशास्त्राच्या पुस्तकात ज्यावर आख्खे प्रकरण असते ती गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली. इंग्लंडमध्ये मृत्यूची नोंद सरकारी कागदातून कॅन्सरच्या नोंदीला जोडली जाते, त्यामुळे तिथे कुलूपबंद घरे थोडी. आपल्याकडे ती पुष्कळ. आणि सूत्र कितीही चांगले असले तरी ते जिथून बसवले त्यापेक्षा वेगळ्या माणसांवर चालवून पाहावे लागते. प्रेडिक्टच्या आधी पीटर राव्हडिन यांचे अॅडज्युव्हंट ऑनलाइन हे साधन जगभर वापरात होते. अमेरिकेतल्या नोंदींवर उभे असलेले ते साधन कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ४०८३ स्त्रियांवर तपासले, तेव्हा एकूण आकडे आश्चर्य वाटावे इतके जुळले. पण ३५ वर्षांखालच्या स्त्रियांच्या बाबतीत ते जरुरीपेक्षा जास्त आशावादी निघाले. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पश्चिमेच्या मानाने कमी वयात दिसतो, त्यामुळे तरुण पेशंटचा रिपोर्ट करताना मला ही गोष्ट हमखास आठवते. बंगळुरूमध्ये तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी मला म्हणूनच मोलाची वाटते. त्याच मेणाच्या ब्लॉकवर पाच प्रथिने रंगवून, त्यांना गाठीचा आकार, ग्रेड आणि ग्रंथी यांची जोड देऊन, पाच वर्षांत आजार दूरच्या अवयवात उमटण्याचा धोका ती १ ते १०० मध्ये सांगते, आणि तिच्या पायाशी आपल्या देशातल्या पेशंटचे ब्लॉक आहेत.

मावशीला मी बार्शीविषयीही सांगितले. मुंबईत कॅन्सरची नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली, देशातली पहिली. खेड्यापाड्यांतली पहिली नोंदणी मात्र १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. माणसे दवाखान्यात येण्याची वाट पाहत बसून खेड्यात नोंद होत नाही, म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना भेटले, गाठी आणि न भरणाऱ्या जखमा यांची चौकशी केली. मावशी हे ऐकून हळहळली. "बार्शी म्हणजे आमच्या शेजारचा तालुका. मी तेव्हा शाळेवर होते. आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही केलं असतं की गं हे काम. घरं आमच्या पायाखालची होती."

केमोबाबत तिने आणि तिच्या डॉक्टरांनी मिळून ठरवले. तो निर्णय काय होता ते तिचे आहे. माझ्या लक्षात राहिले ते तिने पुण्याहून निघताना दवाखान्यातल्या नोंदणीच्या खोलीत जाऊन केलेले काम. तिथल्या मुलीला तिने आपला नंबर दिला, मुलाचा दिला, शेजारणीचा दिला, आणि पाठपुराव्याचा फोन कोणत्या महिन्यात येणार ते विचारून डायरीत लिहून घेतले.

तो फोन यायची ती वाट पाहत नाही. दर जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, ती स्वतःच त्या खोलीत फोन लावते आणि नंतर मला. यंदाही लावला. आधी माढ्यात पाऊस कुठपर्यंत आला ते सांगितले, मग वजन, मग गोळ्यांनी सांधे दुखतात ते. शेवटी म्हणाली, "त्या मुलीला सांगितलं मी, माझ्या नावापुढे लिही, घर उघडं आहे."